रजनीश अंतर्मुख की बहिर्मुख?

जबलपुरात 1966 पर्यंत तत्त्वज्ञान शिकवणारे आचार्य रजनीश मोठमोठ्या सभांत बोलत, म्हणून त्यांना सहज बहिर्मुख म्हटले जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921च्या ग्रंथात या शब्दांना दिलेला अर्थ मात्र बोलकेपणाशी बांधलेला नाही. बहिर्मुख (मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे, वस्तूंकडे) आणि अंतर्मुख (तोच ओढा आतल्या विचार-अनुभवांकडे) या मनाच्या दिशा आहेत. डावखुरा माणूस पंगतीत उजव्या हाताने जेवतो. तेवढे पाहून तो डावखुरा आहे हे कळत नाही. व्यासपीठ ही अशीच पंगत. पुढे 1981 ते 1984 रजनीश जाहीर मौनात होते. तेवढ्यावरून त्यांना अंतर्मुख ठरवणेही घाईचेच.

पण खुद्द युंगनीच कांटला अंतर्मुख आणि डार्विनला बहिर्मुख विचाराचा नमुना मानले होते ना? मानले होते, पण विचाराची रीत दाखवण्यासाठी: डार्विन बाहेरच्या निरीक्षणांपासून निघतो, कांट जाणण्याच्या क्रियेचीच तपासणी करतो. रजनीशांच्या प्रवचनांतही अशी रीत शोधता येईल, जरा जपून, कारण श्रोते बदलले की बोलणे बदलते. स्वभावाला चार अक्षरांचे नाव देणाऱ्या हल्लीच्या चाचण्यांत माणूस स्वतः उत्तरे देतो. दिवंगत विचारवंताच्या वतीने ती त्याचे चाहते भरतात, आणि बरेचदा स्वतःकडे पाहून.