जुन्या मस्टँगला मॅन्युअल रॅक बसवताना

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डनं मस्टँग लोकांपुढे आणली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या अमेरिकेत आजही मोठ्या हौसेनं चालवल्या जातात. इंजिनाची ताकद वाढवून झाली, डिस्क ब्रेक लावून झाले, रेडियल टायर चढवले, की एक तक्रार हमखास उरते: हायवेवर गाडी एका रेषेत राहत नाही, स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं. मग जुनी स्टिअरिंगची पेटी काढून पंप-पाइप नसलेलं साधं रॅक अँड पिनियन बसवायचा विचार सुरू होतो. विचार चांगला आहे. पण त्यातलं रॅक हा सोपा भाग. टाय रॉडची टोकं नेमकी कुठे येतात, यावर गाडी सुधारणार की बिघडणार हे ठरतं.

जुन्या पेटीत काय असतं

मूळ मस्टँगमध्ये रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारची पेटी आहे. स्टिअरिंगच्या शाफ्टवर आटे, आट्यांवर नट, आणि दोघांच्या मध्ये फिरत्या गोळ्या. नट सरकला की बाहेरचा पिटमन आर्म हलतो. तिथून मधली आडवी दांडी, उजवीकडचा आयडलर आर्म, मग दोन्ही बाजूंचे टाय रॉड. ही रचना दणकट आहे, खड्ड्याचा हिसका हातापर्यंत कमी पोचतो. मात्र सांधे बरेच, आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो. शिवाय साध्या पेटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगला सुमारे पाच फेरे लागतात.

रॅकमध्ये शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते थेट दातेरी दांड्यावर फिरतं. मधले सांधे गेले. मारुती ८०० चालवलेल्यांना ही पकड माहीत आहे: हात हलला की चाक हललं. फोर्डनं स्वतः १९७४ च्या मस्टँग टूला रॅक दिलं. शेव्हरोलेनं मात्र कॅमॅरोला जुनी पेटी १९९२ पर्यंत ठेवली. म्हणजे पेटीत मुळातच दोष आहे, असं मानायचं कारण नाही.

आधी प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते शोधा

हे केल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकानं स्टिअरिंग दोन-तीन बोटं इकडे, दोन-तीन बोटं तिकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं बॅटरी घेऊन खाली वाकून पाहायचं. शाफ्ट फिरतोय पण पिटमन आर्म जागचा हलत नाही, तर झीज पेटीत. पिटमन आर्म हलतोय आणि आयडलर आर्म वर-खाली डुलतोय, तर दोष त्याच्या बुशमध्ये. टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवलं तर तिथला लहानसा ठोकासुद्धा बोटाला कळतो. पेटी जिथे चॅसीच्या दांडीला बोल्टनं बसते तिथे पत्र्याला बारीक चीर गेलेली असू शकते, तीही याच वेळी दिसते.

पेटीवर चेकनटसह एक अॅडजस्टिंग स्क्रू असतो. तो आवळला की प्ले कमी होतो. जास्त आवळला तर स्टिअरिंग मधोमध अडकतं आणि वळणानंतर आपणहून सरळ येत नाही. अनेक गाड्यांत पेटीची दुरुस्ती, नवे सांधे आणि नीट अलाइनमेंट एवढ्यानंच काम भागतं.

टाय रॉडचं गणित

खड्ड्यातून जाताना चाक सरळ वर-खाली होत नाही. वरचा आणि खालचा आर्म त्याला एका वक्र वाटेनं नेतात. टाय रॉडचं बाहेरचं टोक चाकाबरोबर जातं, आतलं टोक रॅकला बांधलेलं असतं. टाय रॉडची वाट आर्मच्या वाटेशी जुळली नाही, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक थोडं आत किंवा बाहेर वळतं. चालकानं स्टिअरिंग घट्ट धरलेलं असतानाही गाडी स्वतः वळते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. सरळ चालावी म्हणून रॅक बसवलं आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटू लागली, तर पहिला संशय यावरच घ्यावा.

दोन गोष्टी जुळायला हव्यात. समोरून पाहिलं तर वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा वाढवल्यावर जिथे मिळतात, त्याच बिंदूकडे टाय रॉडची रेषा गेली पाहिजे. आणि टाय रॉडचं आतलं टोक दोन्ही आर्मच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवं. भंगारातून आणलेलं दुसऱ्या गाडीचं रॅक सहसा इथेच फसतं, त्याची लांबी जुळत नाही. म्हणून मस्टँगसाठी मध्यभागातून टाय रॉड निघणारी रॅकही वापरतात. त्यात दांड्याची चाल कमी पडली तर गाडीला वळायला जास्त जागा लागते. पार्किंगमध्ये हे रोज जाणवतं, त्यामुळे घेण्यापूर्वी विचारून घ्यावं.

आणखी एक धोका. मस्टँगचे टाय रॉड अॅक्सलच्या मागे आहेत. अॅक्सलच्या पुढे बसणारं रॅक तसंच मागे लावलं, तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे वळतील.

बसवल्यावर मोजायचं कसं? स्प्रिंग काढायची, हबवर सपाट पाटी बोल्ट करायची आणि जॅकनं हब एकेक इंच वर, मग खाली न्यायचा. दर वेळी पाटीच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं एका स्थिर बिंदूपासूनचं अंतर लिहून ठेवायचं. दोन्ही अंतरं सारखी बदलत असतील तर ठीक. एक वाढतंय आणि दुसरं कमी होतंय, तर रॅकखाली किंवा टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला पॅकिंग घालून उंची बदलायची. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

शाफ्ट आणि कॉलम

१९६५ आणि १९६६ च्या मस्टँगमध्ये पेटीपासून स्टिअरिंगपर्यंत एकच लांब सरळ शाफ्ट आहे. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीकडे येतो. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेच्या नियमानं ताशी ४८ किमी वेगाच्या धडकेत कॉलम १२७ मिमीपेक्षा जास्त मागे येता कामा नये, असं बंधन आलं. रॅकसाठी हा शाफ्ट कापावाच लागतो, तेव्हा दबणारा कॉलम लावायची संधी सोडू नये. नवा शाफ्ट एक्झॉस्टला आणि ऑइल चेंबरला चुकवत नेताना युनिव्हर्सल जॉइंट लागतात. दोनपेक्षा जास्त झाले, तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच.

किती जड होईल

व्ही-एट मस्टँग सुमारे १,३०० किलोची, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. रॅकला फेरे कमी लागतात, म्हणजेच प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. वर १६ इंची स्टिअरिंग काढून १४ इंची लावलं, तर हाताला सुमारे १४ टक्के जास्त ताकद लावावी लागते. मोठं स्टिअरिंग ठेवावं. पॉवर रॅकमधलं तेल काढून ते मॅन्युअल म्हणून वापरू नये: त्याचा रेशो मदतीच्या हिशेबानं ठरवलेला असतो, आतले सील विनाकारण घासतात.

अलाइनमेंट करताना कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, हाही पाहावा. मूळ कॅस्टर जुन्या टायरांसाठी खूप कमी ठेवलेला होता. रेडियलवर तो तीन अंशांच्या आसपास नेला की गाडी सरळ धावते, पण मॅन्युअल रॅकवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं. एकेक अंश वाढवत, रस्त्यावर चालवून पाहत ठरवावं, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर रॅकच्या ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासावेत.