सुतकातली प्रेमकथा

थोडक्या पैशांत काढलेल्या समलिंगी प्रेमपटांत मला खटकते ती ठरावीक चौकट: शहरातली सदनिका, लचकत बोलणारा मित्र आणि शेवटी आत्महत्या नाहीतर ताटातूट. वसई-दिवा मार्गावरच्या आमच्या खारबावसारख्या गावात असा तरुण असूच शकत नाही, असे जणू त्यांनी ठरवूनच टाकलेले! पैशांची चणचण हे कारण मला पटत नाही. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, बालमित्र बाळ्या आणि ‘लग्न कधी?’ म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक. सुतकाचे घर नि रान दाखवायला कितीसा खर्च? २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक याच मराठी चित्रपटाला मिळाले. यात आईला मुलाचे सारे ठाऊक असते. प्रश्न उरतो तो भावकीचा.