आठ पुड्यांचा दिवस

पहाटे ४.३०
माथेरानच्या बाजारामागच्या उतारावर पत्र्याची पागा. आत चार जनावरं: बादल, सुलतान, राणी, मस्तानी. काकी बॅटरी घेऊन शिरतात आणि आधी बादल्या पुढे करतात. पाणी पहिलं, चंदी नंतर. मे महिना आहे, सुट्ट्यांची गर्दी आहे, पण हा क्रम बदलत नाही.

घमेल्यात रात्रभर भिजलेले हरभरे, जव आणि गव्हाचा कोंडा. एका घोड्याला दिवसाची चंदी तीन किलो, तीही तीन वेळांना वाटून. घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं. शिवाय त्याला ओकता येत नाही. एकदम जास्त गेलं तर पोटशूळ उठतो.

खिळ्याला कापडी पिशवी आहे. तिच्यातून काकी चार पुड्या काढतात. पुडीला दोरा: बादलचा निळा, सुलतानचा हिरवा, राणीचा लाल, मस्तानीचा पिवळा. झोपेतल्या डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत, रंग लागतो. प्रत्येकाच्या चंदीवर आदल्या दिवशी उकळलेलं जवस दोन पळ्या घालतात, ते बुळबुळीत असतं. त्यावर पुडी सोडून हाताने कालवतात. पावडर दाण्याला चिकटते. कोरडीच टाकली तर घोडा ओठांनी दाणा वेचतो आणि पावडर तळाशी तशीच राहते.

५.१५
सुलतान मात्र फसत नाही. वास आला की घमेल्यात फुंकर मारतो. त्याची पुडी गुळाच्या पाण्यात कालवून काकी पिचकारीत भरतात. औषधाच्या दुकानात मिळते तीच मोठी पिचकारी, सुई नसलेली. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, जिथे लगामाची कडी बसते, तिथून ती आत सरकवायची आणि हळूहळू दाबायची. सुलतान जीभ फिरवतो. काकी त्याचं तोंड वर धरत नाहीत. वर धरलं तर औषध श्वासनळीत जाईल.

६.४५
खरारा झाला. खुरांतली माती आकड्याने काढली. खोगिरं चढली, तंग आवळले. काका, मुलगा आणि रोजावरची दोन पोरं दस्तुरी नाक्याला निघाली. पोराला रोज पाचशे आणि दुपारचं जेवण. प्रत्येक जिनामागे दुपारच्या चंदीचा तोबरा लटकतोय. तोबऱ्याच्या पट्ट्याला दुसरी पुडी बांधलेली, दोरा त्याच रंगाचा.

१०.३०
आज शुक्रवार, पुढच्या आठवड्याच्या पुड्या बांधायच्या. चार घोडे, रोज दोन पुड्या, सात दिवस: छप्पन्न. वर्तमानपत्राचे चौकोन कापून ठेवलेले आहेत. काकींचं लग्नाआधीचं आयुष्य किराणा दुकानात गेलं. पुडी बांधताना त्या कागदाकडे बघतही नाहीत.

समोर छोटा वजनकाटा, साडेतीनशे रुपयांचा. त्याआधी सगळं चमच्याने चालायचं. पण मिठाचा भरलेला चमचा आणि खनिज मिश्रणाचा भरलेला चमचा सारख्या वजनाचे नसतात. म्हणून नवीन पिशवी फोडली की काकी चमचा काट्यावर ठेवून पाहतात, मग त्या पिशवीचा चमचा ठरतो.

सकाळच्या पुडीत खनिज मिश्रण तीस ग्रॅम, चुनखडीची भुकटी दोन चमचे, मीठ पंधरा ग्रॅम. चुनखडीचं कारण जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलंय. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. नुसत्या कोंड्यावर घोडा ठेवला तर शरीर हाडांमधून कॅल्शियम ओढतं. हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो. राणीच्या पुडीत बायोटिनही असतं, कारण तिचे खूर चिरतात. खूर महिन्याला सेंटिमीटरभरसुद्धा वाढत नाही, म्हणजे गुण दिसायला सहा-आठ महिने. रोज पंधरा रुपये, तेही न चुकता. मधेच सोडलं तर आधीचे पैसे वाया.

दुपारच्या पुडीत फक्त मीठ, पंचवीस ग्रॅम. घामातून जातं ते परत द्यायचं.

महिन्याचं एकदम का बांधत नाही, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, "मीठ पाणी धरतं. आणि खनिजांबरोबर पडून राहिली की जीवनसत्त्वं उतरतात." आठवडा ठीक. जूनमध्ये ढग घरात शिरायला लागले की कागद बंद, मग घट्ट झाकणाच्या डब्या. त्यांनाही रंगीत दोरे.

जवसाचं पातेलं मागे चुलीवर रटरटतंय. जवस कच्चं भिजवून घोड्याला घालत नाहीत, त्यात विष सुटू शकतं. उकळल्यावर ते जातं. दुसरा नियम याहून कडक. कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं पागेत येऊ द्यायचं नाही, कितीही स्वस्त मिळो. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं.

दुपारी १.१५
दस्तुरी नाका. गाड्या इथे थांबतात. पुढे बाजारापर्यंत पायी, रेल्वेची शटल, ई-रिक्षा किंवा घोडा. नेरळहून टेम्पोने आलेली हरभऱ्याची पोतीही इथेच उतरतात आणि घोड्याच्याच पाठीवर वर जातात.

बादलने दोन फेऱ्या केल्या आहेत. खोगिराखाली घाम वाळून पांढरा झालाय. पोरगा तंग सैल करतो, सावलीत उभा करतो, बादली देतो. बादल पितो. मग तोबऱ्यात पुडी, थोडं पाणी, चार वेळा हलवायचं आणि तोबरा तोंडाला. इथे दावणीला दहा-बारा घोडी उभी असतात. उघड्या घमेल्यात टाकलं तर शेजारचाच खाऊन जाईल. तोबऱ्यात ज्याचं त्याच्याच पोटात जातं.

मस्तानीने पाणी नुसतं हुंगलं. पोरगा पुडी सोडत नाही, चंदीही निम्मीच देतो. "पाणी नाय तर मीठ नाय," तो म्हणतो. "काकींचा हुकूम." तहान मेलेल्या जनावराला मीठ घातलं तर शरीरातलं उरलेलं पाणीही आतड्याकडे ओढलं जातं. सतरा-अठरा वर्षांचं पोर हे पाळतंय. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

सायंकाळी ६.३०
जीन उतरायच्या आधी काकी हात पुढे करतात. पैसे काका नंतर देणार, आधी कागद. निळा, हिरवा, लाल: तिन्ही रिकामे. पिवळी पुडी बंद. वहीत लिहिण्यापेक्षा ही पद्धत पक्की आहे. लिहायचं कुणीही लिहील. रिकामा कागद पुडी सोडल्याशिवाय येत नाही.

काकी मस्तानीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती सावकाश बसते. हिरडी दाबून बघतात. कुशीला कान लावतात, गुडगुड ऐकू येते. लीद टाकली का, पोराला विचारतात. टाकलीय, पण कोरडी. कोमट पाणी, त्यात मूठभर कोंडा. मस्तानी अर्धी बादली पिते.

रात्री ९.००
हिशेब. पुड्यांचं सगळं सामान, जवस आणि गूळ धरून, चार घोड्यांना दिवसाचे ऐंशी रुपये. चंदी साडेपाचशेच्या वर. गवताच्या पेंढ्या वेगळ्या. राणीचे नाल दोन दिवसांत बदलायचे, चार नालांचे आठशे. काका सुट्टे मोजून पोरांचा रोज बाजूला काढतात.

"उद्या मस्तानी जाणार नाही," काकी सांगतात.

"अगं, उद्या शनिवार. मे महिन्यातला."

"म्हणूनच. तिला सकाळी दस्तुरीला नेलंत तर रविवारीही घरीच राहील. तिच्या पोराला अर्धा रोज द्या, पागा झाडून घेईन त्याच्याकडून."

काका वहीत मस्तानीच्या नावापुढे रेघ मारतात. काकी पिवळी पुडी सोडून मीठ डब्यात परत ओततात आणि हरभरे भिजवायला घेतात, उद्यासाठी अर्धा किलो कमी.