लोडिंग ब्लॉक : घरगुती काडतूस-भरणीतील एक साधे साधन

अमेरिकेतील अनेक नेमबाज आणि शिकारी आपली काडतुसे घरीच भरतात. स्वतःच्या वापरापुरत्या भरणीसाठी तेथे संघराज्याचा परवाना लागत नाही, तो विक्रीसाठी काडतुसे बनविणाऱ्यास घ्यावा लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याची निर्मिती परवान्याशिवाय करता येत नसल्याने मराठी वाचकाला या उद्योगाची अवजारे सहसा पाहायला मिळत नाहीत. त्यांपैकी सर्वांत साधे अवजार म्हणजे लोडिंग ब्लॉक, आणि त्याचे महत्त्व किमती यंत्रांपेक्षा तसूभरही कमी नाही.

काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारी व आघाताने पेटणारी प्रायमर नावाची टोपी, बिनधुराची दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी तेवढी शिल्लक राहते. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणली, जुना प्रायमर काढून नवा बसवला, मोजून दारू ओतली आणि गोळी दाबून बसवली की काडतूस पुन्हा तयार होते. साध्या हातयंत्रावर हे काम टप्प्याटप्प्याने, पुंगळ्यांच्या एकेका खेपेवर केले जाते आणि दोन टप्प्यांच्या मधल्या काळात पुंगळ्या ज्यात उभ्या राहतात तो लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, बहुधा पन्नास भोकांचा ठोकळा म्हणजे लोडिंग ब्लॉक. अनेक जण तो कठीण लाकडात भोके पाडून स्वतःच करतात. भोक पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित मोठे हवे, आणि खोली इतकीच की पुंगळी कलंडणार नाही, पण चिमटीत धरून सहज उचलता येईल.

ठोकळ्याचे खरे काम पुंगळ्या उभ्या ठेवण्यापलीकडचे आहे. जाणकार दोन ठोकळे वापरतात : पहिल्यात प्रायमर बसविलेल्या रिकाम्या पुंगळ्या तोंड खाली करून ठेवतात, त्यांतली एक उचलून दारू भरली की ती तोंड वर करून दुसऱ्यात ठेवतात, म्हणजे भरलेली आणि रिकामी यांची गल्लत होण्यास जागाच उरत नाही. गोळ्या बसविण्यापूर्वी दुसऱ्या ठोकळ्यावर विजेरीचा झोत तिरपा धरून ओळीने प्रत्येक पुंगळीत डोकावतात, आणि शेजारच्या पुंगळ्यांतील दारूची पातळी जवळजवळ सारखी असल्यामुळे चुकीची पुंगळी चटकन नजरेत भरते.

ही तपासणी किती मोलाची आहे हे .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी आखलेली त्याची पुंगळी बरीच लांब आहे, तर जलद जळणाऱ्या आधुनिक दारूचे, लक्ष्यभेदासाठी वापरले जाणारे प्रमाण तीन ग्रेनच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम असते. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि गोळीही बिनबोभाट बसते. असे काडतूस रिव्हॉल्व्हरची चक्री फोडू शकते. उलट दारू मुळीच पडली नाही तर एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. रायफलच्या पुष्कळशा काडतुसांत पुंगळी दारूने जवळजवळ भरतेच, म्हणून तेथे दुप्पट दारू ओतली जाताच सांडते व चूक आपोआप उघडी पडते.

तयार काडतुसे तोलून ही चूक पकडता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच या इवल्याशा दारूच्या वजनाएवढा असू शकतो, त्यामुळे तराजू येथे निरुपयोगी ठरतो. तपासायचे ते गोळी बसण्याआधीच. दांड्याच्या प्रत्येक दाबागणिक एक तयार काडतूस देणाऱ्या बहुटप्पी यंत्रांत पुंगळ्या फिरत्या चकतीवर सरकत जातात व ठोकळा लागत नाही, म्हणून तेथे दारूची पातळी तपासणारी वेगळी जोडणी बसवितात किंवा पुंगळीत डोकावण्यासाठी दिवा लावतात.

ठोकळ्यालाही मर्यादा आहेच : दशांश ग्रेनचा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मापपात्राने पडणारी दारू अधूनमधून तराजूवर तोलावीच लागते, आणि जिच्याविषयी शंका आली ती पुंगळी रिकामी करून पुन्हा भरावी लागते.