गच्चीवरची वीज, खांबावरचा लाइनमन

धरमपेठेतल्या गच्चीवर पॅनल आधीच बसलेत, वीजही तयार होतेय. मग महावितरणकडे नोंदणी कशाला? खांबावरच्या लाइनमनसाठी. वादळात फीडर बंद पडला, तो दुरुस्तीला चढला आणि आपली वीज तारेत शिरतच राहिली तर? रोहित्र दोन्ही दिशांनी काम करतं. घराकडून २३० व्होल्ट आत गेले, की पलीकडे ११,००० व्होल्टांच्या आसपास दाब उभा राहू शकतो. म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर तारेतला दाब आणि ५० हर्ट्झची लय सतत तपासतो. ती हरवली की स्वतःच थांबतो. (भर उन्हात, पॅनल असूनही पंखा बंद का, याचं उत्तर हेच. बॅटरी नसेल तर बसा घाम पुसत!)

दुसरी भानगड मीटरची. काही साधे मीटर बाहेर जाणारं युनिटही वापरलेलंच धरतात. म्हणजे वीज आपण द्यायची आणि बिलही आपणच भरायचं! नेट मीटर दोन्ही हिशेब वेगळे ठेवतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या नियमांनुसार संचाची क्षमता मंजूर भारात बसावी लागते. जुना संच त्याहून मोठा असेल, तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.