शिलकीचा हिशेब

मजुरी वाढूनही मजूर अधिक दरिद्री होऊ शकतो, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटेल; परंतु दिल्लीच्या सीमेवरील कापसहेडा वस्तीत त्याचा उलगडा होतो. वस्ती दिल्लीत मोडते. तेथील मजूर ज्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबतात, ती उद्योगविहार वसाहत मात्र लगतच, पण हरियाणाच्या हद्दीत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन मासिक १८,०६६ रुपये ठरले. हरियाणात त्या वर्षी ते अकरा हजारांच्या आसपास होते. म्हणजे खोलीचे भाडे राजधानीचे आणि पगार शेजारच्या राज्याचा, असा हा संसार!

हातात पडणारे रुपये हे नाममात्र वेतन. त्या रुपयांत जेवढे गहू, तेल, औषध घरी येते, ते वास्तव वेतन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या अहवालानुसार, महागाई वजा जाता भारतातील नियमित पगारदाराची सरासरी मासिक कमाई २०१२ मध्ये १२,१०० रुपये होती. २०२२ मध्ये ती १०,९२५ वर आली. जपानसारख्या संपन्न देशातही २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे वास्तव वेतन घसरले. १९७० नंतरच्या दशकात उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मागे टाकणारी तेथील काटकसरी कुटुंबे पुढे बचतीत पार मागे पडली. मात्र साठविलेल्या पुंजीवर जगणाऱ्या वृद्धांची वाढती संख्या हे तेथील एक मोठे कारण आहे. कापसहेड्यातली माणसे ऐन कमावत्या वयाची आहेत.

शिल्लक उरत नाही याचा दोष मजुराच्या उधळेपणाला देण्याची रीत जुनी आहे. वस्तुतः भाडे, धान्य आणि गावी धाडायची रक्कम वगळता उधळायला उरते तरी काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा काही दिवसांतच आनंदविहारच्या बसस्थानकावर गावाकडे निघालेल्या मजुरांची रीघ लागली. एक महिना बिनपगारी तगण्याइतकी पुंजी त्यांतल्या कित्येकांपाशी नव्हती. नवल असे की, २०२०-२१ याच वर्षी देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे साडेअकरा टक्क्यांवर चढली. ज्यांचा पगार चालू होता, त्यांना खर्चाला वावच नव्हता. सरासरीने दोघांनाही एका पंगतीत बसविले.

२०२२-२३ मध्ये हे प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांवर उतरले. लोक कर्ज काढून घरे नि वाहने घेत आहेत, असा खुलासा अर्थखात्याने केला. तो अंशतः खराही आहे. पण भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या मजुराने कोणते घर घेतले? त्याचे कर्ज किराणा दुकानाच्या वहीत असते, आणि कापसहेड्यात ते दुकान पुष्कळदा घरमालकाचेच असते.