असं का? : विमानाची टाकी काठोकाठ का भरत नाहीत?

विसरवाडीहून कोंडाईबारी घाट चढताना भरलेला ट्रक रिकाम्यापेक्षा जास्त डिझेल पितो. विमानाचंही तसंच. जादा घेतलेलं इंधन नुसतं वाहून नेण्यातच त्यातलं दर तासाला साधारण ३ ते ४ टक्के जळून जातं. म्हणून हिशेब काटेकोर.

उड्डाणाचं नियोजन करणारा डिस्पॅचर आधी प्रवासापुरतं इंधन धरतो. त्यावर वाऱ्यावादळासाठी साधारण ५ टक्के, समजा मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबादसारख्या पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं. या शेवटच्या साठ्याला हात लागणार असं दिसलं, की वैमानिकाला ‘मेडे’ हा आणीबाणीचा संदेश पुकारावाच लागतो.

खरा कस पावसाळ्यात लागतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरता येते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि ती काही दिवस बंद राहिली. कित्येक विमानं दुसरीकडे वळवावी लागली. असे दिवस पाहिलेला कॅप्टन जुलैत वीस मिनिटं, अर्ध्या तासाचं इंधन वर मागून घेतो. तो खर्च रास्तच आहे. डिस्पॅचरच्या आकड्यात भर घालायची की नाही, यात अंतिम शब्द कॅप्टनचाच असतो.